थंडीतलं पायाचं सूप

पांढुर्णा-सौंसरकडे थंडी पडली, की बोकडाच्या पायांचं भाज्या घातलेलं सूप करून बघाच.

चार पाये जाळावर भाजून, खरवडून, स्वच्छ धुवा. गार पाण्यात आलं, लसूण, मिरे, हळद घालून चढवा. वर येणारा फेस काढत राहा. कुकरमध्ये पाऊण तास पुरतो, चुलीवर मात्र मंद आचेवर तीन-चार तास द्या. तेवढ्या वेळात हाडांभोवतीच्या चिवट भागातलं कोलॅजन सुटून त्याचं जिलेटिन होतं. म्हणून तर पिताना ओठ चिकटतात! गाजर, फुलकोबी, टोमॅटो शेवटच्या पंधरा मिनिटांतच टाका, नाहीतर लगदा. सावजी मसाला आवडत असला, तरी इथे नको. तो पायाची चव दाबतो. वरून सांभार (म्हणजे कोथिंबीर), लिंबू. ज्वारीच्या भाकरीसोबत गरमच वाढा.