भोकरदन ते नेपल्स



इटलीला जाणार असाल,
तर नेपल्स शहरासाठी दोन दिवस राखून ठेवा.

तिथल्या पुरातत्त्व संग्रहालयात
एक हस्तिदंती मूर्ती आहे.
मूर्ती भारतीय आहे.
१९३८ साली ती जवळच्या पाँपेई या प्राचीन शहराच्या अवशेषांत सापडली.

तिच्याशी मिळतीजुळती मूर्ती
आपल्या जालना जिल्ह्यात,
भोकरदनच्या उत्खननात मिळाली!
भोकरदन म्हणजे सातवाहनकाळातलं भोगवर्धन,
व्यापाराची नावाजलेली पेठ.
केवढी अभिमानाची गोष्ट ही!

म्हणून पहिला दिवस संग्रहालयाला द्या.
मंगळवारी ते बंद असतं.

दुसऱ्या दिवशी रेल्वेने पाँपेई गाठा.
उन्हाळ्यात ऊन कडक असतं,
सकाळीच निघा.

व्हिसाचा अर्ज
दोन-तीन महिने आधीच करा.

पुन्हा सांगते,
संग्रहालयासाठी मंगळवार टाळा.

आणि निघण्यापूर्वी,
एकदा भोकरदनला जरूर जाऊन या.