आधी लोहाची टाकी भरा
(मंडळाच्या आरोग्यविषयक कार्यक्रमात केलेले भाषण)



आम्ही डॉक्टर नाही. आमचा डिप्लोमा सिव्हिलचा, नोकरी राज्य शासनात उपयंत्रीची. तरीही कार्यवाहांनी बोलायला उभं केलं, कारण गेल्या वर्षी आमच्या घरी वजन कमी करण्याचं ऑपरेशन झालं आणि ते ठरल्या तारखेला झालं नाही. हे सगळं सौ.च्या परवानगीने सांगतो आहोत.

हिचं वजन 104 किलो, मधुमेह, गुडघे गेलेले. तीन वर्षं चर्चा करून शेवटी गॅस्ट्रिक बायपास ठरला. संक्रांतीनंतरची तारीख, आमची अर्जित रजा मंजूर, सासूबाई ग्वाल्हेरहून येऊन दाखल. आणि तपासणीत हिमोग्लोबिन 9.4, फेरिटिन 9. सर्जन म्हणाले, "आत्ता नाही."

घरी आल्यावर ही रडली. आम्हाला राग आला. एका परिचितांनी सुचवलं, दुसरीकडे जा, एक बाटली रक्त चढवतील आणि उरकून टाकतील. दोन दिवस आम्ही खरंच त्या विचारात होतो. मग सर्जनकडे पुन्हा गेलो आणि सरळ विचारलं, की एवढं काय अडलंय?

त्यांनी समजावलं ते आमच्या भाषेत सांगतो. हिमोग्लोबिन म्हणजे नळाला येणारं पाणी, फेरिटिन म्हणजे गच्चीवरची टाकी. हिची टाकी कोरडी होती. रक्त चढवलं की आकडा वर जातो, पण एका बाटलीत लोह साधारण 200 ते 250 मिलीग्रॅमच, आणि दुसऱ्याचं रक्त घेण्याचे धोके वेगळे. शिवाय लोह मुख्यतः लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात शोषलं जातं आणि बायपासमध्ये अन्न नेमकं तोच भाग टाळून पुढे जातं. पोटातलं आम्लही कमी होतं. म्हणजे आज रिकामी असलेली टाकी नंतर भरणं आणखी कठीण.

आणखी एक गोष्ट आम्हाला नवीन होती. लठ्ठपणात शरीरात सतत थोडी सूज असते. त्यामुळे यकृतात हेप्सिडिन वाढतं आणि ते लोहाची वाट अडवतं. त्याच सुजेमुळे फेरिटिन खोटंच बरं दिसू शकतं. म्हणून फेरिटिनबरोबर ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन आणि सीआरपीही बघतात. नुसतं हिमोग्लोबिन बघून "ठीक आहे" म्हणू नका.

सुरुवात गोळ्यांनी झाली, एक दिवसाआड एक. रोज घेतली तर दुसऱ्या दिवशीची नीट शोषली जात नाही, म्हणे. आपल्या इंदूरला नर्मदेचं पाणीही एक दिवसाआड, त्यामुळे लक्षात ठेवायला सोपं गेलं! पण महिनाभराने आकडा 9.7. चूक आमचीच होती. सकाळी पोह्यांवर चहा आणि त्याच चहाबरोबर गोळी. चहा, दूध, कॅल्शियमची गोळी यांनी लोहाचं शोषण घटतं, दोन तासांचं अंतर हवं. ॲसिडिटीची गोळीही रोज चालू होती, तीही आड येते, हे डॉक्टरांना सांगायचं राहिलं होतं. बद्धकोष्ठ झालं ते वेगळंच.

नातेवाइकांचं प्रेम तर विचारू नका. अळिवाचे लाडू, गुळाच्या पोळ्या, खजूर. अळिवात लोह असतं हे खरं, पण तुपागुळासकट रोज तीन लाडू खाऊन वजनाच्या ऑपरेशनची तयारी कशी व्हायची? आहारतज्ज्ञ बाई हसल्या आणि डबा आमच्या ऑफिसात पाठवायला सांगितला. तिथे दुपारपर्यंत संपला.

खरं महत्त्वाचं पुढे आहे. सर्जननी विचारलं, लोह जातंय कुठे? दोन वर्षांपासून हिला पाळीत फार रक्तस्राव व्हायचा. "या वयात असंच असतं" म्हणून हिने आम्हालाही सांगितलं नव्हतं. स्त्रीरोगतज्ज्ञांकडे सोनोग्राफीत गाठ निघाली, साधी होती, त्यावर औषध सुरू झालं. तारीख पुढे गेली नसती तर हे कळलंच नसतं. पुरुषांना मूळव्याध किंवा पोटातली जखम असू शकते, तीही शोधावी लागते. आणि लोह भरपूर असूनही हिमोग्लोबिन कमी असेल तर थॅलेसेमियाचा वाहक आहे का ते तपासतात, उगाच गोळ्या घेत बसू नये.

शेवटी लोह शिरेतून दिलं. फेरिक कार्बोक्सीमाल्टोज, 1000 मिलीग्रॅमचे दोन डोस, आठवड्याच्या अंतराने. सलाईनमधून पंधरा-वीस मिनिटं, नंतर अर्धा तास देखरेखीत बसवतात, कारण क्वचित रिअ‍ॅक्शन येते. सहा आठवड्यांनी हिमोग्लोबिन 12.3. एप्रिलमध्ये ऑपरेशन झालं, रक्त चढवावं लागलं नाही. रजेचा अर्ज मात्र तीनदा लिहावा लागला.

आता वजन 78 आहे. लोहाची आणि जीवनसत्त्वांची गोळी जन्मभर, रक्ततपासणी डॉक्टर सांगतील तेव्हा. चहा घरात दहा वाजता होतो, गोळी सातला. हरतालिकेच्या उपासालाही गोळी चुकली नाही.

काही विचारायचं असेल तर विचारा. ही तिसऱ्या रांगेतच बसली आहे, आमच्यापेक्षा सगळे आकडे तिलाच पाठ आहेत.