पाणी जातं कुठं? जुन्या गाडीच्या इंजिनाची गळती शोधताना

आज आपण गाडीबद्दल बोलणार आहोत. गाडी म्हटलं की बायका मागच्या सीटवर, असं समजायचे दिवस गेले. आता कितीतरी गटांनी स्वतःच्या गाड्या घेतल्या आहेत, आणि बहुतेकींच्या गाड्या जुन्याच असतात.

आमच्या जुन्नर तालुक्यातल्या गटाकडेही एक जुनी डिझेल जीप आहे. रोज ओतूरच्या बाजाराला भाजी न्यायची आणि आठवड्यातून दोनदा माळशेज घाट उतरून कल्याणला जायचं, हे तिचं काम. रात्री-अपरात्री कुणाला कळा सुरू झाल्या तर दवाखान्यात पोचवते तीही हीच. त्यामुळं ती घाटात तापून उभी राहिली, तर प्रश्न नुसता भाजीचा राहत नाही.

या गाडीचं रेडिएटरमधलं पाणी कमी व्हायला लागलं. आज भरावं, तर चार दिवसांनी पुन्हा कमी. गॅरेजमध्ये सांगितलं, “हेड गॅस्केट गेलं, इंजिन खोलावं लागेल.” गावात काही जण म्हणाले, “बाई चालवते ना, घाटात गिअर कळत नाही, म्हणून तापते.” आणि गटाच्या खात्यात जे पैसे होते, ते दोघीजणींना शेळ्यांसाठी द्यायचं ठरलेलं. इंजिन खोललं असतं तर त्या शेळ्या राहिल्या असत्या. मग बैठकीत ठराव केला, की पाणी नेमकं कुठून जातंय हे डोळ्यांनी दिसल्याशिवाय इंजिनाला पाना लावू द्यायचा नाही.

हे शोधायचं कसं, ते सांगतो. आधी पाणी फिरतं कसं ते बघू. इंजिनात डिझेल जळतं, लोखंड तापतं. त्याला थंड ठेवायला वॉटर पंप त्याच्या अंगातून पाणी फिरवतो. तापलेलं पाणी वरच्या रबरी पाईपातून रेडिएटरमध्ये येतं, वाऱ्यानं निवतं आणि खालच्या पाईपातून परत इंजिनात जातं. वाटेत थर्मोस्टॅट नावाची झडप असते. पाणी साधारण ८० ते ९० अंशांपर्यंत तापलं, की ती उघडते.

आता आपला कुकर आठवा. उघड्या पातेल्यात पाणी १०० अंशांला उकळतं. कुकरमध्ये वाफ कोंडली, की ते १२० अंशांच्या आसपास जातं. रेडिएटरचं झाकणही तसाच दाब धरून ठेवतं, म्हणून घाटातही पाणी लवकर उकळत नाही. झाकणावर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो, तो या दाबाचा. कुकरची रिंग कडक झाली की बाजूनं वाफ जाते, तसंच या झाकणाचं रबर कडक झालं की पाणी बाहेर पडतं.

दाब असतो, म्हणूनच तापलेल्या गाडीचं झाकण कधीही उघडायचं नाही. शिट्टीची वाफ न काढता कुकर उघडतो का आपण? इथंही उकळतं पाणी थेट तोंडावर येतं. गाडी पुरती निवू द्या, शक्यतो सकाळीच बघा.

पहिलं काम वहीचं. रोज सकाळी, गाडी थंड असताना, एकाच सपाट जागेवर उभी करून टाकीतली पातळी बघायची. टाकीवर नेलपॉलिशनं खूण केली तरी चालते. तारीख, गाडी कुठं जाऊन आली, किती पाणी घातलं, एवढं लिहायचं. आमच्या वहीत पंधरा दिवसांत चित्र स्पष्ट झालं. नुसत्या ओतूरच्या फेऱ्या झाल्या, तर पातळी जागच्या जागी. कल्याण करून घाट चढून आली, की दुसऱ्या दिवशी अर्धा लिटर कमी. मधे एकदा आमच्या चालक मैत्रिणीला ताप होता, म्हणून गावातल्या एका पुरुषानं गाडी कल्याणला नेली होती. त्या दिवशीही अर्धाच लिटर कमी झालं. बाई चालवते म्हणून तापते, या बोलण्याला वहीनं उत्तर दिलं. आम्हाला काही बोलावंच लागलं नाही.

दुसरं काम कागदाचं. रात्री गाडीखाली पुठ्ठा किंवा जुनी वर्तमानपत्रं पसरा. सकाळी थेंब कुठं पडलेत ते बघा. काळा, चिकट डाग तेलाचा. हिरवट, गुलाबी किंवा नारिंगी, बोटाला बुळबुळीत लागणारा डाग कूलंटचा. त्याला गोडसर वास असतो. चव मात्र घ्यायची नाही. गाडीला ए.सी. असेल तर त्याचंही स्वच्छ पाणी खाली ठिबकतं, ती गळती नव्हे.

थेंब जिथं पडला तिथंच भोक असेल, असं मात्र नाही. कौलारू घरात पाणी चुलीवर ठिबकतं, पण फुटकं कौल असतं पार आढ्याजवळ. पाणी वाशावरून वाहत आलेलं असतं. गाडीतही थेंबापासून वर-वर माग काढत जायचा. वाळलेल्या कूलंटचा पांढरा किंवा हिरवट थर राहतो, विहिरीच्या पाण्याचा हंड्याला बसतो तसा. हा थर म्हणजे चोराच्या पावलांचे ठसे.

बघायच्या जागा ठरलेल्या आहेत. रबरी पाईपांची टोकं आणि त्यांच्या क्लिपा. पाईप दाबून बघा, भेगा पडल्यात का, फुगलाय का. मग रेडिएटरच्या कडा आणि जाळी. मग वॉटर पंप. इंजिनाच्या अंगावर गोल पत्र्याच्या बुचकळ्या बसवलेल्या असतात, त्या गंजून पाझरतात. गाडीत हीटर असेल तर पायाखालची चटई ओली आहे का, काचेवर आतून चिकट धुकं धरतं का, तेही बघा.

आमचा पुठ्ठा रोज कोरडाच निघायचा. मग स्वस्तातल्या गोष्टीपासून सुरुवात केली. झाकणाचं रबर कडक होतं, ते झाकण बदललं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर कशानं गुण आला ते कळत नाही. झाकण बदलूनही घाटातून आल्यावर पाणी कमीच.

तेव्हा दुसऱ्या गॅरेजमध्ये जाऊन आम्ही दाबाची तपासणी मागितली. रेडिएटरच्या तोंडावर हातपंप बसवतात, त्याला काटा असतो. झाकणावर जेवढा आकडा, तेवढाच दाब भरायचा आणि पंधरा मिनिटं काट्याकडं बघत राहायचं. काटा उतरला, तर गळती आहे. आमचा काटा हळूहळू उतरला. आम्ही पाचजणी बॅटरी आणि घरातला छोटा आरसा घेऊन वाकलो. वॉटर पंपाच्या पोटाखाली एक थेंब धरला होता, आणि त्याच्याखाली हिरवट रेघ.

पंपाला तिथं एक बारीक भोक मुद्दाम ठेवलेलं असतं. आतलं सील झिजलं, की पाणी बेअरिंगमध्ये न जाता त्या भोकातून बाहेर यावं म्हणून. म्हणजे ते भोक आपल्याला निरोपच देत असतं. लांबी लावून ते बुजवायचं नाही, पंप बदलायचा. आमच्या गाडीत घाट चढताना थेंब बाहेर यायचे आणि तापलेल्या इंजिनावरच वाळून जायचे. म्हणून पुठ्ठा कोरडा. नवा पंप आणि मजुरी मिळून जो खर्च आला, तो इंजिन खोलण्याच्या खर्चाच्या दहाव्या भागाइतकाही नव्हता. शेळ्याही आल्या.

आता हेड गॅस्केट कधीच जात नाही, असं आमचं म्हणणं नाही. जातं, आणि त्याच्या खुणा वेगळ्या असतात. इंजिन तापल्यावरही मागून गोडसर वासाचा पांढरा धूर येत राहतो. तेलाच्या पट्टीवरचं तेल दुधाळ चहासारखं दिसतं. थंड इंजिन सुरू केल्याबरोबर रेडिएटरमध्ये बुडबुडे येत राहतात. थंडीतल्या सकाळी थोडा वेळ पांढरी वाफ दिसली, तर ते घाबरण्यासारखं नाही. शंका असेल तर गॅरेजमध्ये एका रंगीत औषधानं तपासणी होते. इंजिनाचा धूर पाण्यात मिसळत असेल, तर त्या औषधाचा रंग बदलतो. इंजिन खोलण्याआधी ही तपासणी मागा.

बरेच चालक सांगतात, रेडिएटरमध्ये हळद टाका, गळती थांबते. वाटेत अडकल्यावर घर गाठण्यापुरतं ते एक वेळ चालेल. पण हळदीचा गाळ रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो आणि गाडी आणखी तापते. तसंच बोअरचं क्षाराचं पाणी कायम घालू नका. कूलंट आणि बॅटरीत घालतो ते डिस्टिल वॉटर निम्मं-निम्मं घ्या.

हे कूलंट विषारी असतं. चवीला गोड असल्यामुळं कुत्री, वासरं ते चाटतात, लेकरं हात घालतात. सांडलं तर माती टाकून उचला, डबा उंचावर ठेवा, पाण्याच्या बाटलीत कधीही भरून ठेवू नका.

आणि घाटात काटा वर चढायला लागला, तर पुढच्या वळणापर्यंत रेटायचं नाही. गाडी कडेला घ्या, इंजिन बंद करा, थांबा. तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतलं तर लोखंडाला तडा जाऊ शकतो. भाजी अर्धा तास उशिरा पोचेल, पण गाडी वाचेल.

तेव्हा मैत्रिणींनो, गटाच्या हिशेबाच्या वहीशेजारी गाडीचीही एक वही ठेवा. गॅरेजमध्ये जाताना ती सोबत न्या आणि एवढंच म्हणा, “दादा, गळती कुठं आहे ते आधी आम्हाला दाखवा.”