मीठ मोजून टाका

वेळ थोडा आहे, तेव्हा थेट मुद्द्यावर येते. बर्फ पडायचा अवकाश, आपण ड्राइव्हवेवर मिठाची पिशवी उपडी करतो. बर्फ वितळला की मीठही गेलं असं वाटतं. ते कुठंही जात नाही. गटारातून तळ्यात जातं, नाहीतर मुरत मुरत विहिरीत उतरतं.

आमटी खारट झाली तर आपण काय करतो? पाणी वाढवतो, बटाटा टाकतो. मीठ काही बाहेर निघत नाही, आमटी तेवढी वाढते. तळ्यात ओतायला जास्तीचं पाणी आणणार कुठून? चहाचा एक चमचा मीठ ५ गॅलन गोडं पाणी तळ्यातल्या जिवांना बाधेल इतकं खारवतं. एक चमचा! आणि आपण पिशव्या रिकाम्या करतो.

विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसनचंच बघा. तिथं नळाला जमिनीखालचं पाणी येतं. युनिव्हर्सिटी अव्हेन्यूवरच्या १४ नंबरच्या विहिरीत क्षार वाढत गेले, ते रस्त्यावरच्या मिठामुळे. हे मीठ साध्या गाळणीनं निघत नाही. त्याला आरओ लागतं, आणि शहरभराच्या पाण्याला ते परवडत नाही. शिवाय खारट पाणी नळ खातं. जुन्या घरांतले नळ शिशाचे असले तर पुढचं सांगायला नको.

मीठ टाकूच नका, असं मी म्हणत नाही. घरात म्हातारी माणसं आहेत, पाय घसरला तर कंबर मोडेल. पण आधी फावडं हाती घ्या. बर्फ ओढून झाला की २० फुटी ड्राइव्हवेला १२ औंसांचा कॉफीचा एक मग मीठ पुरतं. दाणे सुटे पडू द्या, ढीग नको. पारा १५ फॅरनहाइटच्या खाली गेला की साधं मीठ जवळजवळ निकामी ठरतं, तेव्हा वाळू टाका. आणि कोरड्या फरशीवर बुटाखाली खडे करकरले, तर ते जास्तीचे समजा. झाडून डब्यात भरा, पुढच्या बर्फाला कामी येतील.

काही ठिकाणी बर्फ पडण्याआधीच रस्त्यावर मिठाचं पाणी फवारतात, त्यात मीठ बरंच वाचतं. त्याबद्दल बोलायचं होतं, पण समोरून खुणा सुरू झाल्यात. तेव्हा पुन्हा एकदा सांगते, आमटीत पडलेलं मीठ निघत नाही. आधी फावडं, मग मग, आणि तोही एकच.