उत्तर कुणी दिलं?

मी मुंबईत गोवंडीला आरोग्य स्वयंसेविका आहे. खांद्याला पिशवी, हातात वही आणि रोजची पंचवीस-तीस घरं, हे माझं काम.

टीबीच्या सर्वेक्षणाचे प्रश्न मला झोपेतही येतात. दोन आठवड्यांहून जास्त खोकला आहे का? ताप येतो का? वजन घटलंय? रात्री घाम येतो? थुंकीतून रक्त पडतं?

एका दुपारी एका दारात उभी राहून मी हेच विचारलं. सून जरीकाम करत बसली होती. उत्तर सासूबाईंनी दिलं, "हमारे यहाँ किसी को कुछ नहीं." तेवढ्यात ती सून ओढणीत तोंड घालून खोकली. मी ते ऐकलं. पण अजून वीस घरं बाकी होती. मी 'नाही'वर खूण केली आणि पुढे गेले.

तीन महिन्यांनी तिच्या खोकल्यातून रक्त पडलं. तोवर तिच्या कुशीत झोपणाऱ्या चार वर्षांच्या लेकीलाही टीबी झाला होता.

२०१९ ते २०२१ मध्ये देशभर टीबीचं सर्वेक्षण झालं. लक्षणं असलेल्या १०० पैकी जवळजवळ ६४ जण उपचारासाठी कुठेच गेले नव्हते. मला याचं नवल वाटत नाही. टीबीचं नाव निघालं की सुनेची रवानगी माहेरी होते, ठरलेलं लग्न मोडतं. मग कोण बोलणार?

म्हणून आता मी दारातून विचारत नाही. आत बसते, पाणी मागते. बांगड्या सैल झाल्यात का, असं विचारते; वजन घटलेलं तिथेच कळतं. एकीचं उत्तर दुसरीने दिलं, तर संध्याकाळी नळावर तिला एकटीला गाठते. डबी देताना समजावते, लाळ नको, छातीतून खोकून काढलेला बेडका हवा. औषधं मोफत आहेत, खाण्यापिण्यासाठी सरकारकडून महिन्याला १,००० रुपये मिळतात, हेही सांगते.

त्या मायलेकी सहा महिन्यांच्या औषधांनी बऱ्या झाल्या. माझ्या वहीतली ती खूण मात्र मी विसरलेले नाही.

आमच्यापैकी कुणी तुमच्या दारात आलं, तर त्यांना आत बोलवा. आणि ज्याला खोकला आहे, त्यालाच बोलू द्या.