आडनावासकट खोली

(नांदेडला पहिल्या वर्षाच्या पोरापोरींसमोर केलेलं भाषण. बोललो तसंच उतरवलंय, फक्त तुटलेली वाक्यं जोडलीत.)



मागं बसलेल्यांना ऐकू येतंय का? नसेल तर पुढं सरका. खुर्च्या मोकळ्या ठेवून भिंतीला टेकून उभं राहायची सवय आपल्याला शाळेपासून लागलेली असते. ती इथं काढून टाका.

मला निरोप आला तो असा : पोरं बारावी होऊन नांदेडला आलीत, कुणी बी.ए.ला, कुणी बी.एस्सी.ला, कुणी तिकडं विष्णुपुरीला इंजिनिअरिंगला. त्यांना कुठं राहावं यावर दोन शब्द सांगा. मी म्हणलं, यावर काय बोलायचं? कॉट मिळेल तिथं वळकटी टाकायची. पण त्या रात्री झोप आली नाही. कारण मी स्वतः कुठं राहिलो ते आठवलं. ते अजून कुणाला धड सांगितलेलं नाही.

१९९५ साली मी नांदेडला आलो. नामविस्तार होऊन वर्षच उलटलेलं. त्याच्या आधी १९९३ च्या नोव्हेंबरात याच नांदेडात गौतम वाघमारेंनी नामांतरासाठी स्वतःला पेटवून घेतलेलं. पुढं १९९४ च्या जानेवारीत तिकडं विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागलं आणि सप्टेंबरात इकडं नांदेडला स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाचं वेगळं विद्यापीठ उभं राहिलं. गाव असं तापून निवालेलं. आमचा बाप सालगडी. शासकीय वसतिगृहाचा फॉर्म भरलेला, पण यादी काही लागेना. कॉलेज सुरू झालं. मग खोली शोधायला निघालो.

पहिला घरमालक म्हणला, "कोणत्या गावचे?" गाव सांगितलं. "कोणाचे म्हणायचे तुम्ही?" आडनाव सांगितलं. "खोली कालच गेली." दुसऱ्याकडं तेच. तिसऱ्याकडं मी शहाणा झालो. गावाच्या नावाला 'कर' जोडला आणि सांगून टाकलं. मालक म्हणला, "मग आपल्यातलेच की." मी मान हलवली. हो म्हणलो नाही, नाही म्हणलो नाही. नुसती मान हलवली. तेवढ्या मान हलवण्यावर अडीच महिने राहिलो.

माणसं वाईट नव्हती, हे सांगायला पाहिजे. मालकाची म्हातारी पोळ्याला पुरणपोळी घेऊन वर आली. ताप आला तर काढा दिला. आणि मी ट्रंकेत कपड्याखाली बाबासाहेबांचा फोटो उलटा घालून ठेवलेला. रात्री दाराला कडी लावून वाचायचो, कारण पुस्तकांच्या पाठीवरची नावं बोलायची. दोस्त कधी खोलीवर आणला नाही. वर्गात आपला कुणी दिसला की रस्ता बदलायचो. तो चौकात मोठ्यानं हाक मारील याची भीती. अडीच महिन्यांत मी काय शिकलो असेन, तर आवाज न करता राहायला.

एक दिवस बाप आला. पाठीवर ज्वारीचं गठुडं. बस स्टँडवरून विचारत विचारत चालत आला. मी अंगणात उभा, बाजूला मालकीणबाई तांदूळ निवडायली. बापानं फाटकातूनच हात जोडले आणि म्हणला, "जयभीम, बाळा."

मी उत्तर दिलं नाही.

मी पुढं झालो, त्याच्या पाठीवरचं गठुडं घेतलं आणि "वर चल, वर चल" म्हणलो. बाप माझ्याकडं बघतच राहिला. जिन्यात त्यानं काही विचारलं नाही. पाणी पिला, अर्धा घंटा बसला आणि "एस.टी. हुकंल" म्हणून निघाला. संध्याकाळी मालक वर आला. ओरडला नाही की शिवी दिली नाही. "गावाकडून पाहुणे येणारेत, खोली लागती" एवढंच. उरलेल्या दिवसांचं भाडं मोजून चौकटीवर ठेवलं. हातात दिलं नाही.

खोली गेली त्याचं काही नाही. आमच्या बिलोलीकडंच टेंभुर्णी आहे. तिथं १९७८ च्या ऑगस्टमध्ये पोचीराम कांबळेंना जिवंत जाळलं. आमच्याकडची म्हातारी माणसं सांगतात, जयभीम सोडायला तयार झाले नाहीत म्हणून. मी तेव्हा मायच्या मांडीवर. आणि त्याच मुलखातला मी, सतरा वर्षांनी, एका भाड्याच्या खोलीसाठी बापाच्या जयभीमला उत्तर दिलं नाही.

आता तुम्ही म्हणाल, हे जुनं झालं. आज आडनाव कोण विचारतं? बरोबर आहे. आज विचारतात, "व्हेज का नॉनव्हेज?" नांदेडच्या क्लासेसच्या भागात जा, लातूरला ट्यूशनच्या गल्ल्यांत जा. बारावीत मार्कं पाडून देणारा तो लातूर पॅटर्न सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. त्या पॅटर्नच्या मागं बंगल्यांच्या वरच्या मजल्यावर पत्र्याच्या खोल्यांची रांग उभी आहे आणि प्रत्येक फाटकावर पाटी आहे : रूम भाड्याने देणे आहे, फक्त शाकाहारी. आडनावाचं काम बोकडानं केलंय. आणि ही काही नुसती घरमालकांची गोष्ट नाही. मुंबईच्या आय.आय.टी.त २०२३ साली होस्टेलच्या मेसमध्ये शाकाहाऱ्यांची टेबलं वेगळी काढली, आणि त्याला विरोध केला म्हणून एका विद्यार्थ्याला १० हजार रुपये दंड केला. देशातली सगळ्यात हुशार पोरं जिथं जेवतात तिथली ही पंगत.

बाबासाहेबांच्या पुढंही हा प्रश्न होता. पुतळ्यातल्या नव्हे, पहिल्या वर्षाच्या भीमरावाच्या पुढं. १९१३ साली गायकवाड सरकारची शिष्यवृत्ती घेऊन ते न्यूयॉर्कला उतरले. कोलंबिया विद्यापीठाचं हार्टली हॉल नावाचं वसतिगृह होतं, तिथं राहिले. आठवडाभरच. जेवण काही जमलं नाही. अर्धं शिजलेलं आणि बहुतेक गोमांसाचं. मग कॉस्मोपॉलिटन क्लबात गेले, हिंदी विद्यार्थ्यांनी चालवलेल्या जागेत. शेवटी लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये नवल भथेना या पारशी मित्राबरोबर खोली घेतली. म्हणजे तुमच्यासारखंच. इथली मेस बरी नाही, तिथं आपल्याकडची पोरं आहेत, मग एक दोस्त भेटला आणि त्याच्याबरोबर जमलं. आणि दोस्ती टिकली. १९२० ला पुन्हा लंडनला निघाले तेव्हा उसने पैसे देणाऱ्यांत हाच नवल होता.

पण त्याच माणसाचं पुढं बडोद्यात काय झालं ते बघा. १९१७. कोलंबियाचं शिक्षण झालेलं, दरबारची नोकरी, आणि राहायला जागा नाही. हिंदूंच्या खाणावळीत घेणार नाहीत. मग पारशांच्या सराईत पारशी नाव सांगून राहिले. वर एकटेच, अंधारात पुस्तक वाचत. अकराव्या दिवशी दहाबारा पारशी काठ्या घेऊन जिन्यात. संध्याकाळपर्यंत खोली खाली कर. ते कामाठी बागेत जाऊन बसले आणि रात्रीच्या गाडीनं मुंबईला परतले. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. मी ते वाचलं एम.ए.ला. वाचताना पुस्तक मिटून बाहेर गेलो, हे सांगायला लाज वाटत नाही. मला वाटायचं खोटं नाव फक्त मीच सांगितलं.

फरक पुढं आहे. मी त्या खोलीतून निघून नुसता रडलो. बाबासाहेबांनी १९२४ ला बहिष्कृत हितकारिणी सभा काढली, आणि त्या सभेनं १९२५ च्या जानेवारीत सोलापूरला वसतिगृह उघडलं. त्याच्या आधी कोल्हापुरात शाहू महाराजांनी वसतिगृहांची रांग लावलेली. अस्पृश्य पोरांसाठीचं मिस क्लार्क १९०८ चं. आणि आपल्या मराठवाड्याला तर निजामाच्या राज्यात पुढचं शिकायचं तर हैदराबाद गाठावं लागायचं. १९५० ला औरंगाबादला मिलिंद कॉलेज निघालं, नागसेनवनात वसतिगृहं झाली, आणि नांदेड-परभणी-बीडची पोरं तिथं जाऊन पडली. मुंबईत वडाळ्याचं सिद्धार्थ विहार. पँथरच्या बैठका तिथल्याच खोल्यांत झाल्या. कॉट, स्टो आणि कागदाच्या चळती. चळवळ कुठं जन्मली असं कुणी विचारलं तर लोक मैदानांची नावं घेतात. मी म्हणतो होस्टेलच्या व्हरांड्यात जाऊन बघा.

माझीही यादी लागली, दिवाळीच्या तोंडावर. त्या वसतिगृहाचं नाव-गाव सांगत बसत नाही. एका खोलीत चारच्या जागी सात. लोखंडी कॉट, मधोमध खड्डा. वरण असं की ताटलीचं बूड दिसायचं. ठेकेदार आणि देखरेख करणारे साहेब दोघं मिळून आमच्या डाळीत पोहायचे. पण पहिल्या रात्री एकानं विचारलं, "आडनाव काय रे?" आणि मी सांगितलं आणि काहीच झालं नाही. त्यानं बिडी पुढं केली. ट्रंकेतला फोटो काढून खिळ्याला लावला. महिन्याभरानं त्याच वरणाची बादली घेऊन आम्ही पन्नास जण साहेबाच्या दारात गेलो आणि टेबलावर ठेवून म्हणलो, जेवा. दोन दिवसांत डाळ घट्ट झाली. चार आठवड्यांत परत पातळ. परत गेलो. माझं राज्यशास्त्र तिथं झालं, वर्गात नाही.

बाप तिथंही आला. फाटकात थांबला. हात जोडायला गेला आणि थांबला. मला हळूच म्हणला, "इथं म्हणलं तर चालतंय का?"

(थोडं पाणी द्या.)

तर आता निवड. विद्यापीठाचं होस्टेल मिळत असेल तर सोडू नका. सगळ्या जातीची पोरं तिथं असतात, भांडणं होतील, "सवलतवाले" म्हणतील, म्हणू द्या. नवल भथेना कुठं भेटेल सांगता येत नाही. पण आत गेल्यावर आपल्याला कुठं ठेवतात यावर नजर ठेवा. दिल्लीच्या एम्समध्ये थोरात समितीनं २००७ ला अहवाल दिला, त्यात दलित-आदिवासी पोरं होस्टेलच्या वरच्या मजल्यांवर गोळा झालेली दिसली. त्रास देऊन देऊन तिकडं ढकललेली. आणि हैदराबाद विद्यापीठात रोहित वेमुला आणि त्याच्या चार दोस्तांना होस्टेलबाहेर काढलं, तेव्हा ते बाबासाहेबांचा फोटो आणि गाद्या घेऊन उघड्यावर राहिले. त्या जागेला त्यांनी वेलिवाडा नाव दिलं. तेलुगूत वेलिवाडा म्हणजे आपला महारवाडा, मांगवाडा. १७ जानेवारी २०१६ ला रोहित गेला. हैदराबाद इथून एका रात्रीच्या गाडीवर आहे. होस्टेल नुसतं देता येतं असं नाही, काढूनही घेता येतं. म्हणून एकट्यानं राहू नका.

पोरींनो, तुमचं वेगळं आहे आणि मी त्यातला जाणकार नाही. पण फाटक किती वाजता बंद होतं आणि लायब्ररी किती वाजता, हे दोन आकडे प्रवेश घेतानाच विचारा. फाटक आधी बंद होत असेल तर सगळ्याजणी मिळून भांडा. "बापानं एवढ्यावरच पाठवलं" हे मला कळतं. बापाशी आम्ही बोलू.

आणि स्वाधार. २०१६-१७ पासून वसतिगृहात नंबर न लागलेल्या आपल्या पोरांना सरकार जेवणा-राहण्याचे पैसे खात्यात टाकतं. ते घ्या, हक्काचे आहेत, कुणाच्या बापाचे नाहीत. हप्ता उशिरा येतो ही ओरड तुम्ही ऐकलीच असेल. पण माझं भांडण उशिराशी नाही. पैसे मिळाले की सरकार म्हणायला मोकळं, आता होस्टेल कशाला? आणि पैसे घेऊन तुम्ही जाणार कुठं? त्याच घरमालकाच्या दारात. तोच जिना. शंभर पोरं एका व्हरांड्यात असली तर वरणाची बादली साहेबाच्या टेबलावर जाते. तीच शंभर पोरं शंभर खोल्यांत असली तर शंभर फोटो शंभर ट्रंकांत जातात. मी हे कुणाचा डाव आहे असं म्हणत नाही. पण होतंय हेच. म्हणून स्वाधारचा फॉर्म भरा आणि त्याच दिवशी नवीन वसतिगृहाच्या मागणीच्या कागदावर सही करा. खोली घ्यायची वेळ आली तर तिघा-चौघांनी मिळून घ्या आणि पहिल्या दिवशी आडनाव सांगा. खोली गेली तर गेली. आमच्यातल्या कुणाच्याही घरी पंधरा दिवस पडायला जागा आहे, हे इथं सगळ्यांसमोर सांगतो.

उद्या सकाळी दहाला इथंच फॉर्म भरायला बसणार आहोत. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, बारावीचा मार्कमेमो, बोनाफाईड. झेरॉक्स दोन-दोन आणा. उत्पन्नाचा दाखला अजून निघाला नसेल तर आजच सांगा, तहसीलला आपली दोन पोरं जाणार आहेत. आणि ज्यांनी खोली घेतलीय, ज्यांनी आडनाव वेगळं सांगितलंय, त्यांनी उभं राहायची गरज नाही. मी इथं शेवटपर्यंत आहे. येऊन बसा बाजूला.