डाख की दाब? : स्पीकरच्या तारांच्या जोडांविषयी

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



या व्याख्यानमालेत आजवर संतवाङ्मय, नाट्यसंगीत अशा विषयांवर अधिकारी वक्त्यांनी आपले विचार मांडले. त्या पंक्तीत तारेच्या जोडाचा विषय घेऊन मी उभा राहावे, याचे काहींना नवल वाटेल. पण गेल्या वर्षीच्या गणेशोत्सवात नाटकाच्या दुसऱ्या अंकात उजव्या बाजूचे दोन्ही स्पीकर एकाएकी मुके झाले, आणि मागच्या रांगांत बसलेल्या आपल्या ज्येष्ठ सभासदांना उरलेले नाटक नुसते पाहावे लागले, हे आपण विसरला नसाल. वर्षभर ज्या चार मराठी शब्दांची वाट पाहायची, तेच ऐकू येऊ नयेत, ही गोष्ट लहान नव्हे.

दुसऱ्या दिवशी शोध घेतला. अ‍ॅम्प्लिफायर शाबूत होता, स्पीकरही शाबूत होते. दोष निघाला तो एका जोडात. दोन तारांना एकमेकींत पीळ देऊन वर चिकटपट्टी गुंडाळलेली होती. पट्टी सोडविली तो आतले तांबे काळे-हिरवे पडलेले. बंगालच्या उपसागराकाठच्या खाऱ्या, दमट हवेने आपले काम चोख केले होते. त्यानंतर सभागृहातील सर्व तारा नव्याने घालण्याचे ठरले आणि कार्यकारिणीत वाद उभा राहिला : जोड सोल्डर करून घ्यावेत, की सोल्डरविना बसणारे घ्यावेत? दोन्ही पक्षांचे म्हणणे मी ऐकले आहे. दोन्ही पक्षांत तथ्य आहे. म्हणूनच हा विषय थोडा उलगडून सांगतो.

सोल्डरला आपल्या भाषेत 'डाख' असा जुना शब्द आहे. आपल्यापैकी वडीलधाऱ्यांनी दारी येणारा कल्हईवाला पाहिला असेल. तो भांडे तापवी, नवसागराची पूड टाकून कापसाच्या बोळ्याने पुशी आणि मग कथील लावी. भांडे पुरेसे तापलेले नसेल वा स्वच्छ नसेल, तर कथील धरत नसे. डाखकामाचे शास्त्र नेमके हेच आहे. ६० भाग कथील आणि ४० भाग शिसे यांचा मिश्रधातू १८३ अंश सेल्सिअसला वितळू लागतो आणि १९० अंशांच्या सुमारास पूर्ण पातळ होतो. युरोपात २००६ पासून विद्युत-उपकरणांतील शिशावर निर्बंध आले. तेव्हापासून बिनशिशाचे सोल्डर रूढ झाले. त्याला वितळण्यास सुमारे २१७ अंश लागतात. येथे नवसागराची जागा राळ घेते. आम्लयुक्त पेस्ट मात्र विद्युतकामात कधीही वापरू नये, ती मागाहून तांबे खात राहते. जोड तापण्याआधीच सोल्डर वर ओघळू दिले, तर बाहेरून गोळा दिसतो आणि आत पकड नसते. हा कच्चा डाख कार्यक्रमाच्या ऐन वेळीच दगा देतो.

दुसरा प्रकार दाबाचा. तारेचे टोक एका पोकळ नळीत घालून ती नळी पकडीने चेपायची. आपले वायरमन या टोकाला 'थिंबल' किंवा 'लग' म्हणतात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात विमाने आणि जहाजे वेगाने बांधायची होती. प्रत्येक जोड तापवीत बसण्यास सवड नव्हती. अमेरिकेत १९४१ मध्ये स्थापन झालेल्या 'एएमपी' या कंपनीने असे बिनडाखी जोड मोठ्या प्रमाणावर रूढ केले. योग्य मापाची नळी आणि योग्य मापाची पकड असेल, तर आतले तंतू आणि नळी इतकी घट्ट बसतात की त्यांच्यामध्ये हवा वा ओल शिरत नाही. तिसरा प्रकार स्क्रूखाली तार आवळण्याचा. तोही बिनडाखीच.

आता पहिला प्रश्न : यांपैकी कशाने आवाज चांगला येतो? उत्तर सरळ आहे. नीट केलेल्या जोडांत कानाला कळेल असा फरक नसतो. सोल्डरची वाहकता तांब्याच्या सुमारे एक-दशांशच असते, हे खरे. पण तारेतून पुढे जाताना विजेला त्याचा केवळ पातळ थर ओलांडावा लागतो. चांगल्या जोडाचा रोध ओहमच्या काही सहस्रांशांइतकाच असतो. याउलट तारेचा हिशेब पाहा. अ‍ॅम्प्लिफायरपासून मागच्या स्पीकरपर्यंत ३० मीटर अंतर, म्हणजे जाऊन-येऊन ६० मीटर तार. ती १.५ चौरस मिलिमीटरची असेल, तर तिचा रोध सुमारे ०.८ ओहम भरतो. ८ ओहमच्या स्पीकरला मिळणारी शक्ती त्यामुळे सुमारे १७ टक्क्यांनी घटते. २.५ चौरस मिलिमीटरची तार घेतली, तर रोध ०.४८ ओहमवर येतो. तेव्हा पैसा खर्चायचा तो सोन्याचा मुलामा दिलेल्या जोडांवर नव्हे, तांब्यावर. आणि ते तांबेच आहे याची खात्री करून घ्यावी. बाजारात तांब्याचे कवच चढविलेली अ‍ॅल्युमिनियमची तार मिळते. तिची वाहकता शुद्ध तांब्याच्या साधारण दोन-तृतीयांश असते.

मग निवड कशावरून करायची? माझ्या मते तीन प्रश्न विचारावेत. हा जोड हलणार आहे का? तो वारंवार सुटणार आहे का? आणि तो पुन्हा करण्याची वेळ आली, तर करणार कोण?

पहिल्या प्रश्नाच्या बाबतीत माझीच एक चूक सांगतो. रंगमंचावरील एका स्पीकरच्या प्लगला मी मोठ्या हौसेने डाख दिला होता. सोल्डर तंतूंच्या फटींतून वर चढले आणि तारेचा तेवढा भाग काडीसारखा ताठ झाला. दर कार्यक्रमाला तार गुंडाळली जाई, उलगडली जाई. ताठ भाग संपून मऊ भाग सुरू होतो, नेमक्या त्या जागी एके दिवशी ती तुटली. डाख निर्दोष होता, जागा चुकली होती. हलणाऱ्या तारेला डाख द्यायचाच, तर प्लगच्या आवरणाने तार पक्की धरलेली हवी, म्हणजे ताण डाखावर येत नाही.

दुसरी चूक मी अनेक वर्षे अभिमानाने करीत आलो. स्क्रूखाली आवळण्यापूर्वी तारेच्या टोकाला मी सोल्डर लावून घेई, म्हणजे तंतू सुटे राहू नयेत. परंतु सोल्डर मऊ असते. सततच्या दाबाखाली ते हळूहळू पसरते आणि घट्ट आवळलेला स्क्रू काही महिन्यांत सैल पडतो. अशा ठिकाणी टोकावर छोटी नळी चेपून मगच ते स्क्रूखाली द्यावे, किंवा स्वच्छ तंतू पीळ देऊन तसेच आवळावेत.

याचा अर्थ डाख टाकाऊ ठरतो असा नाही. स्पीकरच्या खोक्याच्या आतील जोड एकदा केले की वर्षानुवर्षे कोणी हात लावीत नाही. तेथे डाख उत्तम. शिवाय चेपण्याची योग्य पकड नसेल, तर साध्या पकडीने कसाबसा चेपलेला जोड हा चांगल्या डाखापेक्षा खात्रीने वाईट. आणि नीट चेपलेल्या जोडावर पुन्हा डाख देण्याची गरज नसते. त्याने तार ताठ होते एवढेच.

तेव्हा कार्यकारिणीपुढे माझी सूचना अशी आहे. भिंतीतून जाणारी तार अखंड असावी, मध्ये जोड नसावा. तिच्या दोन्ही टोकांना मापाचे लग चेपावेत, आणि त्यासाठी दाब पूर्ण झाल्याखेरीज न सुटणारी पकड मंडळाने विकत घ्यावी. रंगमंचावर फिरकी देऊन अडकणारे 'स्पीकॉन' जोड घ्यावेत. न्यूट्रिक कंपनीने ते १९८७ मध्ये आणले. त्यांचे स्क्रूने तार आवळण्याचे प्रकार मिळतात, आणि पाय अडखळला तरी ते निसटत नाहीत. गिटारला लावतात तसा जॅक स्पीकरसाठी नको, कारण तो आत घालताना क्षणभर दोन्ही तारा एकमेकींना जोडल्या जाण्याचा धोका असतो. कोणतेही काम अ‍ॅम्प्लिफायर बंद करूनच करावे. एकही तंतू बाहेर राहू देऊ नये. धन-ऋणाचे रंग सर्वत्र सारखे ठेवावेत. प्रत्येक जोड हाताने ओढून पाहावा, आणि दरवर्षी गणेशोत्सवापूर्वी एकदा सर्व स्क्रू तपासावेत.

तिसरा प्रश्न मी मुद्दाम शेवटी ठेवला आहे. आपले मंडळ हे बदलीच्या नोकऱ्या करणाऱ्यांचे मंडळ आहे. डाख देण्यात निष्णात असलेला सभासद तीन वर्षांनी दुसऱ्या गावी जातो आणि त्याच्याबरोबर त्याची कला जाते. ज्याने पीळ देऊन पट्टी गुंडाळली, त्याला मी दोष देत नाही. त्याच्या हाती त्या रात्री तेवढेच साधन असेल आणि आरतीची वेळ झाली असेल. म्हणून जो जोड सभागृहात उघड्यावर आहे, तो पुढच्या स्वयंसेवकाला, मग तो महाविद्यालयात शिकणारा मुलगा असो वा मुलगी, एका स्क्रू ड्रायव्हरने दहा मिनिटांत दुरुस्त करता आला पाहिजे. एवढ्याच कारणासाठी माझे मत तेथे बिनडाखी जोडाच्या बाजूने पडते.

या वर्षीच्या नाटकाला मी स्वतः शेवटच्या रांगेत बसणार आहे. तेथे प्रत्येक शब्द ऐकू आला, तर हे भाषण कारणी लागले असे समजेन.